तुझ्या विहिरीची भरती

वासू,

काल तुझं बारावं झालं. पंगत उठली, केळीची पानं गोळा झाली, माणसं आपापल्या वाटेने गेली. मी मागे राहिलो. तुझ्या वाडीत सगळे गेल्यावर मागे राहायची मला जुनी सवय आहे. फरक एवढाच की या वेळी ‘थांब रे जरा’ म्हणायला तू नव्हतास.

तुझ्याबद्दल चार ओळी द्या असं पेपरच्या कचेरीत कुणी म्हटलं असतं तर दिल्या असत्या. वय, गाव, व्यवसाय, मागे कोण. असल्या ओळी मला झोपेतही लिहिता येतात. पण त्यांत तुझी होडी बसत नाही, तुझी विहीर बसत नाही. आणि वैतरणेच्या तोंडावरचा तो वाळूचा पट्टा, जो दिवसातून दोनदा असतो आणि दोनदा नसतो, तो तर कुठल्याच मजकुरात बसत नाही. तो फक्त तुलाच सांगता येईल. तिथे आपण दोघेच होतो.

भुईगावला तुझ्या वाडीतल्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या तेव्हा आणीबाणी नुकतीच उठली होती. कागदावर पुन्हा काहीही लिहिता येत होतं आणि मला लिहिण्याचा कंटाळा आला होता. पहिल्या सकाळी दार उघडलं तर समोर पानवेलींच्या रांगा, त्यांच्यावर शेवरीची विरळ सावली, पाटातून सरकणारं पाणी, आणि विहिरीच्या काठावर पोटावर झोपून आत डोकावणारा एक माणूस.

“काय पडलं?” मी विचारलं.

“काही नाही. भरती बघतोय.”

“विहिरीत?”

“मग कुठे? दर्या बघायला कोण चालत जाणार? एवढं शिंपायचं पडलंय.”

मला वाटलं, नव्या भाडेकरूची थट्टा चालली आहे. ती थट्टा नव्हती. तुझ्या वाडीपासून समुद्र हाकेच्या अंतरावर. मध्ये सुरूची झाडं आणि वाळू. समुद्र चढला की वाळूच्या आतून तुझ्या विहिरीचं गोडं पाणीही चढायचं, उतरला की उतरायचं. चार बोटं, फार नाही. आतल्या चिऱ्यावर तू एक रेघ कोरली होतीस. तिच्याकडे बघायचास, ओठांत काहीतरी पुटपुटायचास, कधी आणखी थोडं शिंपून घ्यायचास आणि मग होडी पाण्यात घालायला निघायचास. मधलं ते पुटपुटणं काय होतं, ते मी विचारलं नाही. माणसाला प्रश्न विचारणं हा माझा धंदा होता, त्यामुळे घरी आल्यावर मी ते टाळत असे.

वाडीवाल्याने होडी बाळगावी हीच मुळात गावाला करमणूक होती. होडी बाळगावी ती मासळी मारणाऱ्याने. तू मासळीही मारायचा नाहीस. नायगावच्या खाडीत कुणीतरी टाकून दिलेली होडी तू आणलीस, फटींत कापूस आणि राळ भरलीस, मांजरपाटाचं शीड शिवलंस, आणि शिंपणं उरकलं की तिच्यात बसून कुठेही न जाता परत यायचास. किनाऱ्यावर जाळी विणत बसलेला बुधाजी कोळी तुझी वाटच बघत असायचा.

“काय रे वासू, पानी शिंपाचा सोडून पान्यात चाललास?”

“तू आधी तुझं जाळं शिव. देवमासा निघून जाईल त्यातून.”

“शिवतो ना. पन तांडेल, तुझा शीड उलटा बांधलाय तो बघ.”

आणि ते खरंच उलटं असायचं.

दातिवऱ्याचे मास्तर आणि काकी आपल्याला भेटले तेही पाण्यामुळेच. एका दुपारी छपराची एक रुंद होडी आपल्या किनाऱ्याला लागली. चित्रकला शिकवून निवृत्त झालेले मास्तर छपराखाली पाय पसरून बसले होते आणि सुकाणूवर पदर खोचलेल्या काकी उभ्या होत्या. प्यायचं पाणी संपलं होतं. तू त्यांना विहिरीवर आणलंस. काकींनी कळशी भरता भरता तुझी होडी कुठली, शीड कुणी शिवलं, सगळं काढून घेतलं.

“म्हणजे तुम्हीही आमच्यातलेच,” त्या म्हणाल्या. “मासळीसाठी नाही, उगाच फिरणारे.”

“मी उगाच नाही फिरत,” मास्तर म्हणाले. “मी निरीक्षण करतो.”

“हे निरीक्षण करायला लागले की होडी डावीकडे कलते. सांगायला लागले की उजवीकडे. या एकदा आमच्याकडे. खाडीत आत नेते. तिवरांच्या आत असं पाणी आहे, की माणूस बोलायचं विसरतो. यांच्यावर तेवढाच उपाय आहे.”

त्या दिवसापासून तुझं अर्धं लक्ष उत्तरेकडे. वेली शेवरीला बांधताना, पानं करंडीत लावताना तू मध्येच मान वर करून वारा कुठला आहे ते बघायचास. पावसाळा गेला, थंडी पडली, शेजारच्या इनासच्या घरावर नाताळचा कागदी तारा लागला, तेव्हा तू तुझ्या वडिलांपुढे, तात्यांपुढे उभा राहिलास. तात्यांचे गुडघे तेव्हाच गेले होते. सगळी वाडी तुझ्या अंगावर होती. खरं तर वाडीचा प्रत्येक बांध तुझ्या अंगावर होता. शाळा सुटल्यापासून पानांची एकही खुडणी तू चुकवली नव्हतीस.

“कटे साललास?” तात्यांनी घरच्या बोलीत विचारलं. कुठे जाणार, किती दिवस, कोणाबरोबर, हे सगळं त्या दोन शब्दांत होतं.

तू सांगितलंस.

तात्यांनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग मला समजावं म्हणून जरा शहरी बोलीत म्हणाले, “सोमवारी पहाटे खुडणी आहे. आयतवारी दिवे लागायच्या आत होडी काठाला पाहिजे. नाही आली, तर होडी घरात नाही. दोन बायका घरात चालत नाहीत, आणि दोन कामंही नाहीत.”

“येतो,” तू म्हणालास.

मी साक्षीदार होतो. अट स्पष्ट होती, दोघांनाही मान्य होती.

शुक्रवारी सकाळी आपण निघालो. मला पोहता येत नव्हतं. ते तुला ठाऊक होतं. तू मला होडीच्या मध्यभागी बसवलंस आणि हातात सुकेळ्यांची पुडी दिलीस, “हे सांभाळ. तुझ्यापेक्षा हे भिजायला नको.” राजोडी, नवापूर उजव्या हाताला सरकत गेले. किनाऱ्यावरून जाताना गावं ओळखू येतात. पाण्यावरून ती एकच लांबलचक वाडी दिसतात, वर माडांची रेघ, खाली वाळूची. अर्नाळ्याचा किल्ला पाण्यातून हळूहळू वर आला आणि तसाच मागे बुडाला. त्यानंतर मला वेळेचा अंदाज राहिला नाही. ही माझ्या बाबतीत सांगण्यासारखी गोष्ट आहे.

संध्याकाळी दातिवऱ्याला काकींनी तांदळाची भाकरी आणि खाडीतल्या निवट्यांचं कालवण वाढलं. मास्तरांनी स्वतः काढलेली खाडीची चित्रं दाखवली. सगळ्या चित्रांत काकी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

“तोंड का नाही काढलं?” तू विचारलंस.

“ती कधी मागे वळून बघतच नाही,” मास्तर म्हणाले. “मी काय करू?”

शनिवारी भरतीबरोबर दोन होड्या आत शिरल्या. पुढे काकींची, मागे तुझी. खाडी आधी रुंद होती, मग तिला फाटे फुटले, मग फाट्यांना फाटे. दोन्ही बाजूंनी तिवरं पाण्यात गुडघाभर उभी. त्यांच्या मुळांतून खंड्या निळ्या ठिणगीसारखा जायचा आणि पुढच्या वळणावर आपली वाट बघत बसायचा. वारा पडला. तू शीड उतरवलंस. वल्ह्याचा आवाज पाण्यात पडायचा आणि तिवरांतून उशिराने परत यायचा, जणू आपल्या मागून आणखी एक होडी येत होती आणि तिच्यातही आपणच होतो. काकी म्हणाल्या होत्या तसंच झालं. कोणी बोललं नाही. मास्तरसुद्धा.

मुक्कामाची जागा म्हणजे तिवरांच्या मधोमध वाळूचा एक जुना उंचवटा. उंडीची काही झाडं, त्यांच्याखाली मास्तरांनी उभारलेलं पेंढ्याचं छप्पर, आणि एक विहीर. ती कोणी बांधली ते मास्तरांनाही ठाऊक नव्हतं. पाणी गोडं होतं. होड्या खालच्या अरुंद फाट्यात बांधल्या होत्या. तिथून मोठी खाडी दिसत नव्हती. तू पोचल्या पोचल्या विहिरीच्या काठावर पोटावर झोपलास. काकी हसल्या. दुपारी एकदा झोपलास, संध्याकाळी एकदा. मी ते पाहिलं होतं. त्याचा अर्थ काल लागला.

रविवारी एकादशी होती. काकींनी रताळी उकडली आणि भांडी आवरायला घेतली.

“तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ,” त्या मला शिकवत म्हणाल्या. “एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ. आत इथे नऊ धरा. नऊला पाणी फिरतं. त्याच्याबरोबर बाहेर पडलं, तर तोंडावरची वाळू पाण्याखाली असते. उशीर केला तर वाळू वर येते, आणि मग बसा. आम्ही निघतो, आमची म्हैस माझ्याशिवाय कोणाला धारेला उभी राहत नाही. वासू, चल रे, मागोमाग ये.”

तू विहिरीवरून मान वर केली नाहीस.

“तुम्ही व्हा पुढे काकी. विहीर अजून चढतेय. वेळ आहे.”

“विहीर?” काकी म्हणाल्या. “अरे, मी तुला तिथी सांगते आणि तू मला विहीर सांगतोस?”

“तिथी चुकते. विहीर नाही चुकत.”

“मास्तर, बघा हो, तुमच्यापेक्षा हट्टी माणूस सापडला एकदाचा.” त्या हसत उतरल्या. त्यांची होडी फाट्याच्या वळणावर गेली. मास्तर हात हलवत होते, काकी पाठमोऱ्या.

मग तू उंडीखाली आडवा झालास. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तू विहिरीत डोकावून आलास आणि म्हणालास, “चढतेय.” उन्हाचे ठिपके तुझ्या अंगावरून सरकत होते. तू झोपला नव्हतास, डोळे उघडे होते. इतका निवांत माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. आपण निघालो तेव्हा ऊन डोक्यावर यायला आलं होतं आणि फाट्याच्या दोन्ही काठांना ओल्या चिखलाची रुंद पट्टी उघडी पडली होती. ती मला दिसली. तिचा अर्थ मला कळत नव्हता. तुला कळत असणार, असं मी धरून चाललो.

ओहोटीने आपल्याला वेगाने बाहेर आणलं आणि खाडीच्या तोंडावर अलगद खाली ठेवलं. होडी एकदा थरथरली, मग स्थिर झाली, मग हळूच एका कुशीवर कलली. चारी बाजूंचं पाणी घाई न करता निघून गेलं. थोड्या वेळाने आपण एका वाळूच्या बेटावर होतो, आणि ते बेट वाढत होतं.

“आता?” मी विचारलं.

“आता काही नाही. समुद्र गेला. येईल.”

तू उतरलास. मला हात दिलास. ओल्या वाळूत आभाळ उतरलं होतं. आपण आभाळावरून चालत होतो आणि पाऊल उचललं की तिथे आभाळ पुन्हा भरून यायचं. एका अंगाला अर्नाळ्याचा किल्ला, दुसऱ्या अंगाला दातिवऱ्याचे माड, दोन्ही इतके लांब आणि फिके की पुसून टाकता आले असते. कुरव पक्ष्यांचा थवा आपल्यापासून थोड्या अंतरावर उतरला आणि आपल्याला माणसांत न धरता चरू लागला. आवाज कसलाच नव्हता. समुद्राचाही नाही. तो मागे हटून कुठेतरी उभा होता.

मग तू टाचेने वाळूत रेघा ओढायला लागलास. आधी मला समजेना. सरळ रेघ, वळण, परत सरळ रेघ. अंगाची सवय होती ती, डोळे मिटूनही अंतर चुकलं नसतं.

“ही वेलींची गादी,” तू म्हणालास. “हा पाट. इथून शेवरी लावायची, त्या टोकापर्यंत.”

“आणि विहीर?”

“विहीर नको. इथे पाणी आपणहून येतं.”

तू त्या वाडीच्या मधोमध बसलास. आपण सुकेळी खाल्ली. तू एकदा मला म्हणालास, “हिला बांध नाही बघ. कुठूनच.” आणि बऱ्याच वेळाने, “हे छापणार तू?”

“काय छापू? यात बातमी कुठे आहे?”

“मग बरं.”

उन्हं कलली तेव्हा जे बोलायला हवं होतं ते मी बोललो. “वासू, दिवेलागणीच्या आत आपण पोचत नाही. होडी गेली तुझी.”

तू म्हणालास, “हो.”

तुझा आवाज शांत होता. धक्का बसलेल्या माणसाचाही तसाच असतो. मी तशी नोंद केली.

पाणी आलं ते पाठीमागून आणि न सांगता. आधी तुझ्या पाटांत शिरलं, अगदी वाडीत शिरतं तसं, एकेका गादीला वळसा घालत. तू ते शेवटच्या रांगेपर्यंत बघत उभा राहिलास. मग मला होडीत बसवलंस. अर्नाळ्याला पोचेतो अंधार झाला. आपण तिथेच वाळूवर पडून राहिलो.

सोमवारी ऊन वर आल्यावर आपण वाडीत शिरलो. खुडणी संपली होती. इनासच्या घरची माणसं येऊन खुडून गेली होती. तात्या अंगणात पानं करंडीत लावत बसले होते. तू गप्प उभा राहिलास, म्हणून मीच सांगितलं, घडलं त्या क्रमाने. काकींनी हाक मारली. विहीर चढत होती. म्हणून थांबलो. मग वाळूवर बसलो.

तात्यांचा हात थांबला. “विहीर चढत होती?”

“हो.”

“आणि हा थांबला?”

“हो.”

त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. माणसांचे चेहरे वाचायचा मला सराव होता. तो चेहरा मला वाचता आला नाही. राग येईल असं मला वाटलं होतं, तो आला नाही. त्यांनी हातातलं पान करंडीत नीट बसवलं आणि म्हणाले, “जेवून घे. मग होडी बुधाजीला दे. तूच ने.”

तू जेवलास, आणि नेलीस. बुधाजीने त्या दिवशी थट्टा केली नाही. नंतर मात्र आयुष्यभर केली. “काय तांडेल, विहिरीत मासळी आलीय का?” काकींनी ती गोष्ट अर्नाळ्यापासून केळव्यापर्यंत पोचवली. विहिरीवर भरती बघून वाळूत बसलेला वाडीवाला. तुझ्या लग्नाच्या पंगतीत मास्तरांनी ती उभं राहून सांगितली. सगळे हसले, तू सगळ्यांत जास्त. काकींनी नंतर कितीदा बोलावलं. तुला त्यांच्या होडीतून जाता आलं असतं. तू म्हणायचास, “एकदा झालं.”

मला ते हसू सहन व्हायचं नाही. तू तात्यांशी भांडला नाहीस याचा मला तुझ्यापेक्षा जास्त राग होता. त्यांच्याऐवजी माझ्याशी भांडायला काय हरकत होती? पण तू तेही धड करायचा नाहीस.

“साधी चूक होती,” मी म्हणायचो. “तिथली विहीर वेगळी, वाळू वेगळी. तात्यांना सांगायचंस, चुकलो. त्यांनी होडी ठेवू दिली असती.”

“चूक म्हणू?”

“मग काय होतं?”

“तू म्हणतोस तर चूक. लिहून घे.”

मी खोल्या सोडल्या, शहरात राहायला गेलो. गोखिवऱ्यापासून चंदनसारपर्यंत भाताच्या शेतांत इमारती उभ्या राहायला लागल्या. तात्या गेले. पानवेली कमी झाल्या, केळी वाढल्या. बुधाजीने होडी वापरून वापरून शेवटी फोडली. मी वर्षातून दोन-तीनदा यायचो आणि आपलं ते भांडण जिथे ठेवलं होतं तिथून पुन्हा उचलायचो. गेल्या महिन्यात आलो तेव्हा तू खाटेवर होतास आणि आवाज बारीक झाला होता.

“वासू,” मी म्हटलं, “ती चूकच होती ना?”

तू हसलास. “आज तिथी काय?”

“ठाऊक नाही.”

“तुम्हा पेपरवाल्यांना नुसती तारीख ठाऊक.”

आपलं शेवटचं बोलणं ते. तेव्हाही मला वाटलं, तू विषय बदललास.

काल सगळे गेल्यावर मी विहिरीच्या कठड्यावर बसलो होतो. सुमनवहिनी कळशी घेऊन आल्या. बारा दिवसांत त्यांच्याशी माझं धड बोलणं झालं नव्हतं. त्यांनी आत पाहिलं आणि सवयीने म्हणाल्या, “चढतेय.”

“म्हणजे भरती,” मीही सवयीनेच म्हणालो.

“नाही हो भाऊजी. दर्या केव्हाच उतरायला लागला.”

“पण विहीर तर चढतेय.”

“विहिरीला उशिरा कळतं.” त्यांनी कळशी सोडली. “दर्यावर पाणी फिरलं तरी ही आपली चढतच असते, अर्धी वाडी शिंपून होईतो. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मामंजींनी सांगितलं. चढती विहीर बघून निश्चिंत बसू नकोस म्हणाले, तेव्हाच दर्या फिरलेला असतो. ह्यांना तर त्यांनी पाळण्यात शिकवलं असेल.”

कळशी भरून त्या गेल्या. मी सुरूच्या झाडांतून किनाऱ्यावर गेलो. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ओल्या वाळूचा रुंद पट्टा उघडा पडला होता आणि समुद्र आणखी मागे जात होता.

तरी मी शंका काढून पाहिली. तिथली विहीर वेगळी, वाळू वेगळी. पण तू शनिवारी तीनदा काठावर झोपून त्या विहिरीची चाल बघून घेतली होतीस. आणि चढती विहीर बघून निवांत आडवा होणारा माणूस तू नव्हतास. रेघेकडे बघून तुझं ते पुटपुटणं म्हणजे याच उशिराचा हिशेब असायचा. त्या खाडीत त्या सकाळी एकच माणूस असा होता, ज्याला ती चूक करताच आली नसती.

तात्यांनी मला दोन प्रश्न विचारले होते. विहीर चढत होती? आणि हा थांबला? अंगणात आपण तिघं होतो. दोघांना कळलं होतं आणि तिसरा वृत्तान्त देत होता.

वाडी की होडी हे त्या आयतवारी ठरायचं होतं, असं मी इतकी वर्षं समजत होतो. ते तुझं आधीच ठरलं होतं. तात्यांचे गुडघे तू रोज बघत होतास. तू फक्त ठरवलंस की होडी सोडायची, तर ती कशासाठी. एका ओहोटीसाठी, बांध नसलेल्या जमिनीच्या तेवढ्या तुकड्यासाठी. चूक म्हटलं की तात्यांना शिक्षा करता येत होती. मुद्दाम म्हटलं असतं तर त्या म्हाताऱ्याने काय केलं असतं? म्हणून तू चुकलेला राहिलास, बुधाजीपुढे, काकींपुढे, स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत. तात्यांनी होडी घेतली आणि ती न्यायला तुलाच पाठवलं. बापलेकांनी त्यावर पुन्हा एक शब्द काढला नसेल, याची मला खात्री आहे.

एक मात्र तुला विचारायचं राहिलं, आणि आता उत्तर कोण देणार. ती दुपार तुला एकट्यालाही काढता आली असती. आयुष्यात एकदाच खर्चायची दुपार, आणि तू सोबत नेलंस ते पोहता न येणाऱ्या, प्रश्न विचारणाऱ्या भाडेकरूला. मी तिथे भीतीने अर्धा मेलो होतो. तरी त्यानंतर कुठल्याही कोरड्या जमिनीवर मला तितकं सुरक्षित वाटलं नाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुझ्याशी भांडत राहिलो. आभार मानायची मला तेवढीच रीत ठाऊक होती.

आज सकाळी निघण्याआधी मी पुन्हा तुझ्या विहिरीवर गेलो. पोटावर झोपलो, तू झोपायचास तसा. कोरलेली रेघ अजून आहे. पाणी तिच्याखाली होतं. मी बघत राहिलो. ते तिला टेकलं, मग ती दिसेनाशी झाली.

समुद्र केव्हाच फिरला आहे, वासू. विहीर अजून चढते आहे.